घाबरलेल्या माणसाचं पान

आमच्या ऑफिसात वेबसाइट तपासायची असली की आधी जिना चढावा लागायचा. रायपूरच्या शंकर नगरात एका औषधाच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. नवीन वेबसाइट तयार झाली की ऑफिस चालवणाऱ्या दीदी आमच्यापैकी एकाला खाली पाठवायच्या. "पळत ये. मधात थांबू नको." आपण धापा टाकत वर पोचलो की त्या दारातच उभ्या असायच्या. हातात एक जुना फोन, काच तडकलेली, उजेड मुद्दाम कमी केलेला. तो आपल्या हातात कोंबून त्या ओरडायच्या, "तुह्या बापाच्या छातीत दुखून राहिलं! डॉक्टर शोध! लवकर!"

माझी पहिली वेळ होती तेव्हा मला कामाला लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. घामानं बोट काचेवरून सरकत होतं. समोर हसऱ्या नर्सचं चित्र येत होतं, जात होतं, दुसरं येत होतं. डॉक्टर कुठेच नव्हता. माझे बाबा त्या वेळी रेल्वे स्टेशनात ड्यूटीवर धडधाकट बसलेले होते, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी रडले.

दीदींनी फोन काढून घेतला. "नाई सापडलं ना? मंग हे पान पुन्हा करा." एवढंच. मला पाणीही त्यांनीच आणून दिलं, पण माफी मागितली नाही.

दीदी पन्नाशीच्या होत्या. मूळच्या वर्ध्याच्या. नवऱ्याची बदली झाली म्हणून रायपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. सगळं शंकर नगर त्यांना दीदीच म्हणायचं. ऑफिसात आम्ही तिघंच: दीदी, कोडिंग करणारे एक अबोल भैया आणि मी. वेबसाइटची आखणी दीदी करायच्या, चित्ररूप मी द्यायचे आणि भैया ती चालती करायचे.

इतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. त्या लिफ्टमध्ये बसायच्या नाहीत. स्कूटीवर बसायच्या नाहीत. ऑफिसला कुलूप लावून दोन जिने उतरल्या की परत वर जाऊन ओढून बघायच्या. दाराकडे पाठ करून कधी बसल्या नाहीत. पर्समध्ये एक पोलादी शिट्टी असायची. ती कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "कुठं दबली-गिबली तर आवाज निघाला पाहिजे ना."

मला वाटायचं, यांच्या घरी काहीतरी झालं असणार. कुणीतरी वेळेवर डॉक्टर न मिळाल्यानं गेलं असणार. धीर करून तेही विचारलं. त्या हसल्या. "काईच नाई झालं वं. मी लहानपणापासून अशीच आहे. मले सगळ्याचंच भेव वाटते."

पण हेच भेव घेऊन त्या काम करायच्या. नवीन काम आलं की पहिला आठवडा कॉम्प्युटरला हात लावायची बंदी. भिंतीवर कणकेच्या खळीनं कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. एक चिठ्ठी म्हणजे एक पान. या पानावरून त्या पानावर माणूस कसा जाईल, ते दोऱ्यानं जोडायचं. दोरा लांबला की त्या अस्वस्थ. "एवढं चालत कोण जाते? थकून जाईन ना थो." प्रत्येक चिठ्ठीसमोर उभं राहून विचारायच्या, "इथं कोण येऊन राहिलं? कायले येऊन राहिलं? अन् किती भेलं आहे?"

त्यांच्या मते वेबसाइट म्हणजे आपण घरी नसताना उघडं ठेवलेलं दार. कोण आत आलं, अडखळून पडलं, हाका मारून परत गेलं, आपल्याला कळतही नाही. हे बोलताना त्यांचा आवाज खरोखर खाली जायचा. वेबसाइट जगासाठी खुली करायची त्या दिवशी त्या जेवायच्या नाहीत. भैयांनी शेवटचं बटण दाबलं की डोळे मिटून घ्यायच्या. त्यांचं बघून मीही त्या दिवशी डबा न उघडताच घरी न्यायला लागले.

एका कोचिंग क्लासच्या मालकांना पहिल्या पानावर स्वतःचा मोठा फोटो हवा होता, शाल पांघरलेला. दीदींनी अगदी नम्रपणे विचारलं, "सर, नापास होने के डर से जो बच्ची आएगी, वो आपकी शाल देखेगी?" मालक रागावून निघून गेले. आठ दिवसांनी परत आले. फोटो आतल्या पानावर गेला, शालीसकट.

त्यांचे दोन नियम मात्र मोडायची सोय नव्हती. पहिला नियम: पानावर खोटा मजकूर टाकायचा नाही. आमच्या धंद्यात मजकूर आला नसेल तर जागा भरायला काहीही टाकतात. नकली पत्ता, नकली नंबर. पान भरलेलं दिसतं आणि ग्राहक खूश होतो. दीदी म्हणायच्या, "जागा रिकामी ठेव. लाल अक्षरात 'बाकी आहे' लिहून ठेव. खोटं टाकलं का थे राहून जाते."

दुसरा नियम माझ्यापुरता होता. मी मराठी घरातली, पण शाळा-कॉलेज इथलं, त्यामुळे त्यांनी मराठीत विचारलं तरी माझं उत्तर हिंदीत. काही चुकलं की मी पटकन म्हणायचे, "हाँ दीदी, हो जाएगा, सब ठीक है।" त्या मान हलवायच्या. "मराठीत सांग. हिंदीत तू लवकर 'सब ठीक' म्हणतेस."

त्या वर्षी रायपूरजवळच्या उरला या औद्योगिक वस्तीच्या बाजूच्या एका खाजगी रुग्णालयाचं काम आमच्याकडे आलं. उरल्यात लोखंडाचे कारखाने, रोलिंग मिल. रुग्णालयानं भाजलेल्या रुग्णांसाठी नवीन वॉर्ड काढला होता आणि त्याच्या उद्घाटनाआधी वेबसाइट हवी होती. दीदींनी मला दोन दिवस उरल्यात नेलं. शिफ्ट सुटायच्या वेळी चहाच्या टपरीजवळ उभं राहून त्या कामगारांना विचारायच्या, "भैया, कोई जल गया तो सबसे पहले क्या करते हो?" लोक चमकून पाहायचे. मग हळूहळू सांगायचे. एकानं आपला फोन दाखवला. काळ्या, तेलकट अंगठ्यानं तो तीन-तीनदा दाबत होता, तरी फोन ऐकत नव्हता.

परत येताना दीदी बसमध्ये स्वतःचा अंगठा निरखत होत्या. ऑफिसात आल्यावर त्यांनी एक कागद घेतला, त्यावर आपला अंगठा शाईत बुडवून उमटवला आणि त्याच्या दुप्पट मोठा चौकोन काढला. "लाल बटण एवढं. त्याच्यावर 'जल गए? फोन लगाओ'. दाबलं का सिद्धा फोन. बाकी त्या पानावर काई नको." रुग्णालयाची इमारत, डॉक्टरांचे फोटो, सगळं मागच्या पानांवर गेलं. त्या लाल बटणाच्या चिठ्ठीसमोर त्या रोज दोन-चार मिनिटं उभ्या राहायच्या.

आणि नेमकं तेव्हाच वर्ध्याहून फोन आला. त्यांच्या मोठ्या बहिणीचं ऑपरेशन होतं. दीदी तीन आठवड्यांसाठी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "मी येईपर्यंत काई चालू करू नको."

चार दिवसांनी रुग्णालयाचे व्यवस्थापक स्वतः आले. मंत्री येणार, उद्घाटन लवकर होणार, वेबसाइट परवाच सुरू झाली पाहिजे. मी म्हटलं, नवीन वॉर्डचा नंबर तुम्ही अजून दिलेला नाही. "नंबर कल मिल जाएगा. आप पूरा पेज तो दिखाओ," ते म्हणाले. पानावर लाल अक्षरात 'बाकी आहे' दाखवायची मला लाज वाटली. मी त्या मोठ्या बटणाखाली मनाला येतील ते दहा आकडे टाकले. त्यांना पान आवडलं. दीदींना मी फोन केला, पण त्या दवाखान्यात होत्या, लागला नाही. दुसऱ्यांदा मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी खरा नंबर आला. मी तो बसवला आणि वेबसाइट सुरू झाली. उद्घाटनात पडद्यावर दाखवली गेली, टाळ्या वाजल्या.

दहाव्या दिवशी दुपारी डबा खाता खाता मी सहज माझ्या फोनवर ते पान उघडलं आणि बटण दाबलं. फोन लागायच्या आधी पडद्यावर जो नंबर आला, तो रुग्णालयाचा नव्हता. तो मी मनानं टाकलेला नंबर होता.

मी लगेच फोन तोडला. काय झालं ते मला समजलं तेव्हा हातातला घास मी डब्यात परत टाकला. बटणावर नंबर दोन ठिकाणी असतो. एक डोळ्यांना दिसतो, आणि एक आत असतो, दाबल्यावर तो लागतो. मी दिसणारा बदलला होता. आतला तसाच होता. ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर पाहणाऱ्या कुणालाच ते कळण्यासारखं नव्हतं. ते कळलं असतं फक्त फोनवरून, म्हणजे ज्याला खरोखर गरज पडली असेल त्याला.

दुरुस्तीला एक मिनिट लागलं. भैया जेवायला गेले होते. ते आले तेव्हा सगळं ठीक झालेलं होतं, कुणाला काही माहीत नव्हतं.

त्यानंतरचे तीन दिवस मी कसे काढले, ते आजही नीट सांगता येत नाही. सकाळी पेपर आला की आधी उरल्याची बातमी शोधायची. नाही सापडली की वाटायचं, छोटी म्हणून छापली नसेल. ॲम्ब्युलन्स रस्त्यावरून गेली की हातातलं काम थांबायचं. आई म्हणाली, "काहून जेवत नाई वं पोट्टे?" मी म्हटलं, "सब ठीक है।"

चौथ्या दिवशी दीदी आल्या. न विचारता वेबसाइट सुरू केली म्हणून आधी बोलल्या. मग तो तडकलेला फोन काढला आणि स्वतःच जिना उतरून, पळत वर आल्या. धापा टाकत बटण दाबलं. रुग्णालयातून कुणीतरी 'हॅलो' म्हणालं. त्यांनी माफी मागून फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच म्हणाल्या, "बेस केलं."

तेवढ्या दोन शब्दांनी माझा बांध फुटला. "दीदी, एक गलती हो गई थी, लेकिन ठीक कर दी, अब—"

"मराठीत सांग."

मराठीत मला एकेक शब्द शोधावा लागला. दहा आकडे. दहा दिवस. मी लपवलं. मला वाटलं, त्या ओरडतील, हाकलून देतील. त्या खुर्चीवर बसल्या. दाराकडे त्यांची पाठ होती. म्हणाल्या, "थो नंबर कोणाचा आहे?"

तीन दिवसांत हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

त्यांनी तो नंबर माझ्याकडून लिहून घेतला आणि फोन स्पीकरवर लावला. त्यांचं बोट दोनदा चुकलं. पलीकडे एक म्हातारासा आवाज आला, आणि दीदी 'हॅलो' म्हणताच तो छत्तीसगढीत घाईघाईनं सांगू लागला, "अस्पताल बर न? येहर अस्पताल नोहय, बेटी. घबराओ मत. सही नंबर लिखो." हा दवाखाना नव्हे, असं समजावत त्यानं रुग्णालयाचा खरा नंबर एक एक आकडा करत सांगितला.

तो अभनपुरचा एक बियाण्यांचा दुकानदार निघाला. दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं त्याच्याकडे गेलो. गल्ल्यामागे पुठ्ठ्यावर खडूनं रुग्णालयाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला होता. पहिले एक-दोन फोन आले तेव्हा तो 'राँग नंबर' म्हणून खेकसला होता. मग एका बाईचा रडता फोन आला. ती शिव्या खाऊनही फोन ठेवेना, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. उरल्यात राहणाऱ्या भाच्याकडून त्यानं खरा नंबर मागवला. तेव्हापासून फोन उशाशी घेऊन झोपत होता.

"सबो मन ला बता देंव," तो म्हणाला. फोन करणाऱ्या सगळ्यांना त्यानं खरा नंबर सांगितला होता. फक्त एक जण राहून गेला होता. "एक झन छूट गे."

एक दिवस तो लग्नाला गेला होता आणि फोन घरी चार्जिंगला राहिला. परत येऊन पाहिलं तर एकाच नंबरावरून सहा फोन, एकामागून एक. त्यानं उलट लावला तेव्हा कुणी उचलला नाही. पुन्हा लावायची हिंमत झाली नाही. नंबर मात्र वहीत लिहून ठेवला होता. ते पान त्यानं फाडून दीदींच्या हातात दिलं, आणि त्याला सुटल्यासारखं झालं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

दुकानाबाहेर बाकड्यावर दीदी बसल्या. मी म्हटलं, "दीदी, नका लावू. काय ऐकायला मिळेल ते..."

"मले बी नाई लावायचा," त्या म्हणाल्या, आणि लावला.

एका बाईनं उचलला. दीदींनी फक्त एवढंच विचारलं, की अमुक दिवशी तुम्ही दवाखान्याला फोन करत होता का.  पलीकडून उत्तर आलं, "हव. काबर?"

माणूस जिवंत होता. हे कळलं तेव्हा दीदींनी डोळे पुसले नाहीत, फक्त पत्ता लिहून घेतला.

परत आल्यावर दीदींनी आधी व्यवस्थापकांना सांगितलं. ते म्हणाले, नंबर ठीक झाला ना, मग विषय संपला. कुणाला भेटायचं नाही, रुग्णालयाचं नाव येईल. दीदींनी त्यांना 'बरं' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उरल्याच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, त्या पत्त्यावर उभ्या होतो.

अंगणात खाटेवर तो बसला होता, माझ्या मोठ्या भावाच्या वयाचा. डावा हात मनगटापासून पट्टीत. रोलिंग मिलमध्ये तापलेली सळई हातावर आली होती. एका साथीदारानं त्याला मोटारसायकलवर घरापर्यंत आणलं, आणि इथून बायकोनं त्या बटणावरून ॲम्ब्युलन्स बोलवायचा प्रयत्न केला. शेवटी एका ट्रकवाल्यानं सरकारी दवाखान्यात नेलं. दोन बोटं सरळ होत नव्हती. लवकर पोचले असते तर झाली असती का, ते तिथल्या डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं.

दीदी उभ्याच राहिल्या. "हम वो वेबसाइट बनानेवाले हैं," त्या म्हणाल्या. "नंबर ग़लत था. ग़लती..." आणि त्या थांबल्या. बायको दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिनं विचारलं, "काकर गलती?"

दीदींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मी एक पाऊल पुढं टाकलं.

"मेरी," मी म्हटलं. "नंबर मैंने डाला था."

ती बाई माझ्याकडे पाहत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "घंटी जात रिहिस. एकरे सेती हमन रुके रहेन." मग मला समजलं नसेल असं वाटून तिनं हिंदीत पुन्हा सांगितलं, "घंटी जा रही थी न, इसलिए हम रुके रहे. नहीं लगता तो तभी निकल जाते."

पुढचं थोडक्यात सांगते. दीदींनी त्या माणसाला स्वतः त्या नवीन वॉर्डात नेलं, आणि व्यवस्थापकांना त्याच्या समोर बसवून सगळं सांगितलं. त्याच्या हातावर तिथं उपचार झाले. एक बोट बऱ्यापैकी सरळ झालं, दुसरं नाही. रुग्णालयानं आमच्याकडून काम काढून घेतलं. अभनपुरच्या म्हाताऱ्यानं पुठ्ठा काढला की नाही, माहीत नाही. मी दीदींकडे आणखी चार वर्षं होते. त्यांनी मला त्या चुकीबद्दल पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही. भेव मात्र माझ्या अंगात कायमचं मुरलं. आता मी दुसऱ्या मोठ्या ऑफिसात आहे, हाताखाली माणसं आहेत, आणि ती मला मागून चक्रम म्हणतात हे मला माहीत आहे.

पण त्या दिवशी पाऱ्यातून निघून आम्ही मोठ्या रस्त्यावर बसची वाट पाहत उभ्या होतो. ट्रक धूळ उडवत जात होते. दीदींनी पदर नाकाशी धरला होता. मी म्हटलं, "दीदी, माझ्यामुळं तुम्हाला..."

"चूप," त्या म्हणाल्या. मग रस्त्याकडेच पाहत बोलल्या, "तिनं विचारलं ना, कोणाची चूक? माह्या तोंडात उत्तर तयार होतं. फोन कंपनीची चूक आहे, असं मी म्हणणार होती. पुरं वाक्य जुळवून ठेवलं होतं, रात्रीच. तू बोलली म्हणून राहून गेलं."

मी त्यांची पर्स माझ्या हातात घेतली.

"लय भेव वाटलं होतं वं मले," त्या म्हणाल्या.

बस आली, थांबली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. आम्ही दोघीही चढलो नाही. ती गेल्यावर, पुढची येईपर्यंत, तिथंच उभ्या राहिलो.